विकत घेतलेलं पोहणं

धरणाच्या पाण्यात शलाका काठापासून बरीच आत आली होती. पोहणं तिने सहा वर्षांपूर्वी विकत घेऊन मेंदूत उतरवून घेतलं होतं, कायमचं, तिचं आणि लेक ईराचं मिळून एकाच पावतीवर. "पाठीला डबा बांधून विहिरीत उतर, आठवड्यात शिकशील," असं तिचे वडील, आप्पा, म्हणाले तेव्हा ती हसली होती.

अचानक कानात सौम्य आवाज आला. "नव्या अटींनुसार आपलं कौशल्य यापुढे फक्त ऑनलाइन वापरता येईल. कृपया रेंजमध्ये या."

त्या अटी तिने सकाळीच, न वाचता, मान्य केल्या होत्या. या डोंगरांच्या आड रेंज कधीच नसायची.

हात कसे मारायचे ते तिला आठवेना. पाय खाली ओढले जाऊ लागले.

"आई, पुरे झालं नाटक!" काठावरून चौदा वर्षांची ईरा हसत ओरडली. शलाका बुडून पुन्हा वर आली तेव्हा ते हसू थांबलं होतं.

"आई! घाबरू नकोस, आले मी!"

"नको" म्हणायला शलाकाने तोंड उघडलं आणि ते पाण्याने भरलं. ईराने सूर मारला.