मान सगळ्यात शेवटी

कात्रपच्या डान्स क्लासमध्ये शलाका जॅझच्या दुसऱ्या लेव्हलच्या पोरींकडून तीन महिने एकच गिरकी घोटवून घेत होती. नजर आरशावर खिळवायची, अंग आधी वळवायचं, मान सगळ्यात शेवटी. बाकीच्यांना जमलं, वैष्णवीला काही जमेना. तिची मान अंगाबरोबरच फिरायची आणि तिला गरगरायचं.

आज तिचे पप्पा चपला न काढताच आत आले. “टीचर, आनंदनगरच्या कंपनीत चिकटवलंय हिला. उद्यापासून पॅकिंगला. डान्स बास आता.” मनगट धरून त्यांनी तिला दाराकडे ओढलं.

वैष्णवीचं अंग आधी वळलं. नजर आरशावरच राहिली. मान सगळ्यात शेवटी फिरली.


“बरोबर,” शलाका सवयीने बोलून गेली, आणि पप्पांनी खूश होऊन मान डोलावली.