शंभर टक्के स्टाफ

मोठ्या डॉक्टरांनी फर्मान सोडलं: फ्लूची लस टोचून घेतल्याशिवाय स्टाफपैकी कुणीही वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. वॉर्ड म्हाताऱ्या माणसांचा. त्यांना भरवणारी, पुसणारी, उबळ आली की पाठ चोळणारी मावशीही बाही वर सरकवून रांगेत उभी राहिली.

मेट्रनबाईंनी तिला बाजूला घेतलं. "मावशी, तुम्ही कंत्राटदाराच्या. लस फक्त आमच्या स्टाफला आहे."

"मग मी वॉर्डात जायचं नाही का?"

"असं कसं? पेशंटना भरवणार कोण? नियम स्टाफला आहे, तुम्हाला कुठे आहे?"

मावशीनं बाही खाली ओढली आणि ती वॉर्डात गेली. दुसऱ्याच दिवशी दारावर फलक झळकला, 'आमच्या शंभर टक्के स्टाफने लस घेतली आहे', आणि वर मोठ्या डॉक्टरांचा उघड्या दंडासकट हसरा फोटो.

पुढे मावशी तापानं फणफणली. आजारपणाची रजाही स्टाफलाच असते, म्हणून तशीच कामावर येत राहिली. आठवड्याभरात वॉर्डभर खोकल्याची ढास सुरू झाली आणि खिडकीजवळच्या आजोबांची खाट रिकामी झाली. त्यांचा मुलगा जाब विचारायला केबिनमध्ये शिरला, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि चेहरा पाडला.



"काय सांगू तुम्हाला, आमच्याच स्टाफमधल्या एका बाईनं लस घेतली नव्हती. तिला कालच घरी बसवलंय."