खाणीकडची वाट

"रडून लाइन अडवू नकोस गं. उतरलाय तो. सगळे उतरलेत. ठेव आता."

टेलिफोन एक्स्चेंजवरच्या मोठ्या बाईंनी फोनवर धाकट्या भावजयीला दटावलं. असं दटावलं की ती सावरते, हा त्यांचा नेहमीचा अनुभव. पहाटे डोंगरावरच्या खाणीवर दरड कोसळली होती आणि धाकटा, बाईंचा भाऊ, खाणीत पंपावर कामाला होता.

"वन्सं, नक्की ना?"

"नक्की म्हणजे काय, लिहून देऊ? ठेव."

मग लाइनवर थांबवून ठेवलेल्या गिरणीच्या एक्स्चेंजकडे त्या वळल्या. "हं, गिरणी, बोल. काय हवंय?"

तेव्हा बाहेरगावचा फोन हातानं जोडावा लागे. बोर्डावर दिवा लागला की दोरीचा प्लग भोकात खुपसायचा, कळ दाबायची आणि पुढच्या एक्स्चेंजला गाव सांगायचं. बोर्डावरच्या बायका एकमेकींना एक्स्चेंजच्याच नावानं हाक मारत. बाईंचं जंक्शन, मग बंदर, मग गिरणी. चेहरा कुणी कुणाचा पाहिलेला नसे, पण कुणाला सर्दी झालीय, कुणाचं घरी भांडण झालंय, ते आवाजावरून कळे.

थोड्या वेळानं बंदरचा दिवा लागला.

"बाई, ऐकलंत का? खाणीतली सगळी माणसं सुखरूप उतरली म्हणे. आमच्या इथून दोर-फावडी घेऊन गाडी निघाली होती, ती साहेबांनी अर्ध्या वाटेवरून परत बोलावली."

बाईंनी डोळे मिटले. पाठ खुर्चीला टेकवली. मग एकदम राग आला.

"उतरलाय ना? मग निरोप द्यायला हात मोडले का याचे? बायको रडून अर्धी झाली इकडे!"

"बाई, कॉल," शेजारच्या बोर्डावरची हळूच म्हणाली.

"दिसतोय मला. आणि तू आधी ती कळ बंद कर. किती वेळा सांगायचं? उघडी राहिली की घरचं बोलणं गावभर जातं."

दुपारपर्यंत बोर्डानं डोकं उठवलं. ज्याला-त्याला खाण हवी होती. एकही कॉल लागत नव्हता आणि सुटतही नव्हता. सगळे प्लग अडकून बसले. दवाखान्याला बंदरहून औषधं मागवायची होती, त्यालासुद्धा लाइन मिळेना. कुठे अडकतंय ते बघायला बाईंनी एक कॉल स्वतःच्या हातात घेतला आणि शेजारीण देत होती तसाच बंदरकडे दिला.

"जंक्शन बोलतेय. खाण दे."

"देते, बाई."

खटका वाजला. मग दुसरा. मग हेडफोनमध्ये आवाज आला, "जंक्शन, बोला." तोच आवाज त्याच क्षणी त्यांच्या कोपराशीही आला. शेजारणीनं दिवा बघून प्लग लावला होता.

बाई ताडकन उठल्या.

"अगं, तू माझ्याशीच बोलतेयस! आपलाच कॉल गावं फिरून आपल्याच दारात आलाय!"

त्यांनी तिन्ही एक्स्चेंज एका लाइनवर घेतली.

"खाणीची आपली तार पहाटेच तुटलीय. तरी इथून बंदरला कॉल कशाला देताय?"

"बंदर म्हणाली, तिच्याकडून वाट आहे," शेजारीण म्हणाली.

"बंदर?"

"आहेच की. आम्ही खाण नेहमी गिरणीकडे देतो."

"आणि गिरणी, तू?"

"मी जंक्शनला देते, बाई. तुमच्याकडूनच तर जाते खाण."



"वा गं वा!" बाईंचा आवाज चढला. "हिला वाटतं तिच्याकडे वाट आहे, तिला वाटतं हिच्याकडे. आणि वाट कुणाच्या बापाकडे नाही! नुसते कॉल गरगरतायत भोवऱ्यासारखे. पुढे देताना कुठून कुठून आला ते बोलायचं, हा नियम कशासाठी केलाय? मागच्या नावांत आपलं नाव ऐकू आलं की जागच्या जागी प्लग उपटायचा. घाईत नावं गिळलीत ना सगळ्यांनी?"

"चुकलं, बाई," बंदर पुटपुटली.

"वाट आहे म्हणे! खाणीतला आवाज या कानानं ऐकल्याशिवाय वाट आहे म्हणायचं नाही. कुणीतरी म्हणालं म्हणून तर मुळीच नाही. उपटा सगळे प्लग!"

खटाखट प्लग निघाले. दिवे विझले. दवाखान्याचा कॉल पहिल्या झटक्यात लागला. बाईंनी पदरानं मान पुसली. राग मात्र उतरला नव्हता. उलट हाताला काम राहिलं नाही तसा तो पुन्हा धाकट्याकडे वळला.

एवढ्यात भावजय आली. दारापाशी बाकावर बसली. मांडीवर धाकट्याचा कोरडा सदरा, नीट घडी घातलेला. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा फुललेला.

"इथूनच घरी घेऊन जाते त्यांना," ती म्हणाली. "भिजले असतील. रागावू नका हं, वन्सं."

"रागावू नको? येऊ दे तर खरा. कान उपटून हातात देते." बाईंनी बंदरला प्लग लावला. "बंदर, ज्यानं तुला माणसं उतरल्याचं सांगितलं, त्याला म्हणावं, धाकट्याला धरून फोनपाशी उभं कर."

"मला गिरणीनं सांगितलं, बाई."

"बरं." बाईंनी गिरणीला प्लग लावला. "काय गं, माणसं उतरल्याचं तुला कुणी सांगितलं? त्याला दे."

"तुम्हीच की, बाई," गिरणी म्हणाली. "सकाळी मला थांबवून भावजयीला सांगत होतात ना, तेव्हा तुमची कळ उघडीच होती."