फी वसूल

बायको गेल्यापासून घरात मुलगी आणि मी, दोघंच. मुलीला नर्सिंगची डिग्री करायची आहे म्हटल्यावर मेहुणा कॅल्क्युलेटर घेऊन बसला.

"इथे नोकरी केलीस तर फी वसूल व्हायला आठ वर्षं लागतील. परदेशात गेलीस तर दीडच. पास झालीस की थेट विमानात बस!" मग तो माझ्याकडे वळला. "काय दाजी, मूग गिळून बसलात?"

"राहू दे रे मामा. बाबा हल्ली कशावरच बोलत नाहीत," मुलगी म्हणाली.

खरं होतं. कितीतरी महिने मला कशाचंच काही वाटत नव्हतं. आणि मेहुण्याचा हिशोबही बरोबर होता.

 

"फी मी भरतोय," मी म्हणालो. "मला आठ वर्षं चालतील."