समोरासमोर

धूळ कुणाच्या बंदुकीत निघाली, हे सार्जंट तोकुहिराने विचारलंच नाही. एकाच्या निघाली की शिक्षा सगळ्यांना. मांचुरियातल्या त्या बराकीत नवे जपानी शिपाई दोन रांगा करून समोरासमोर उभे राहिले. ज्याने त्याने समोरच्याच्या थोबाडीत मारायची, मग त्याची खायची, आणि खाल्ली की मोठ्याने आभार मानायचे. सार्जंटला स्वतःचा हात दुखवून घ्यावा लागत नाही, अशी ही सोय.

हिसामात्सुच्या समोर नेमका नीइदे आला, त्याच्याच गावचा. नीइदेचा उजवा कान गेल्या महिन्यात असाच गेला होता. डावा कालपासून वाहत होता. आणखी एक फटका बसला तर हाही जाईल, असं डॉक्टरने बजावलं होतं.

रांगेत फटाफट आवाज सुरू झाले. “आभारी आहे!” “आभारी आहे!” हिसामात्सुचा हात मांडीलाच चिकटलेला.

“मार ना रे,” नीइदे पुटपुटला. “हळू मार, पण मार. नाहीतर तो येईल.”

तो आलाच. पायातली जाड चामडी चप्पल त्याच्या हातात होती.

“काय रे, हाताला लकवा मारला का?”

“मी नाही मारणार, साहेब. त्याचा कान जाईल.”

“एवढी माया? बरं, मग मी मारतो.”

चप्पल काडकन नीइदेच्या डाव्या कानावर बसली. तो कोलमडला, धडपडत पुन्हा ताठ उभा राहिला. चप्पल परत वर गेली आणि वरच राहिली. हिसामात्सुने सार्जंटचं मनगट धरलं होतं.

रांगेतले फटके थांबले. वरिष्ठाच्या अंगाला हात लावला की थेट लष्करी तुरुंग, आणि तिथून परत आलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. हिसामात्सु भयंकर घाबरला होता. पण मूठ सुटत नव्हती.

“सोड.”

“आधी त्याला दवाखान्यात पाठवा.”

“तुझं काय होईल, कळतंय ना?”

“कळतंय, साहेब.”

तोकुहिराने रांगांकडे पाहिलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. एकाचीही मान खाली नव्हती.

“नीइदे,” तो शेवटी म्हणाला, “जा. दवाखान्यात जा.”

नीइदे जागचा हलला नाही. एकदा सार्जंटच्या तोंडाकडे, एकदा हिसामात्सुच्या तोंडाकडे बघत राहिला.

“काय म्हणाले रे ते?” त्याने विचारलं, गरजेपेक्षा खूपच मोठ्याने.