पाच तारे

कॉलेजच्या पोर्टलवर शिवानंद सरांच्या व्हिडिओ धड्यांना पुन्हा पाच तारे पडले होते. वैजयंती मॅडमच्या धड्यांना दोन. तेही धड दोन नाहीत, दुसरा अर्धाच रंगलेला. धडा शेवटपर्यंत चालला की मुलांची हजेरी आपोआप लागायची, मग ती तारे द्यायची.

"मुलांना आवडतंय, मॅडम. मी तर काही वेगळं करत नाही," शिवानंद सर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले.

बघा कसा साळसूद! मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागल्या तेव्हा हा शाळेत शेंबूड पुसत होता. आणि आता प्राचार्यांनी ठरवलेलं, पुढच्या वर्षापासून पोर्टलवर अर्थशास्त्राचे धडे एकाचेच ठेवायचे. विद्यार्थी ज्याच्यावर जास्त खूष, त्याचे. दुसऱ्याचे काढून टाकायचे.

"त्याचा एखादा धडा उघडून तरी बघा," स्टाफरूममधले गुरुसिद्धप्पा सर म्हणाले.

"मी? मी त्याचं बघून शिकू?" मॅडमनी नाक मुरडलं.

मुलांचे शेरे मात्र त्या गुपचूप वाचायच्या. 'सरांचा धडा लई सोपा.' 'डोक्याला ताप न्हाय.' 'जेऊरला रेंज नसते, तरी पटकन होतो.' 'नेट संपत नाही.' एकेक शेरा वाचून त्यांचा नुसता जळफळाट व्हायचा. एवढं काय सोनं लागलंय मेल्याला!

शेवटी भवानी पेठेतल्या घरी, आवाज येतो म्हणून पंखा बंद करून, त्यांनी सगळे धडे नव्याने रेकॉर्ड केले. उन्हाळ्याचे दिवस, अंगाची काहिली. तरी हसून बोलल्या. मागणी-पुरवठा समजवायला करमाळ्याच्या बाजारातला कांदा आणला. धडे थोडे लांबले, पण झकास झाले.

तारा पडला एकच.

शनिवारी प्राचार्यांनी शिवानंद सरांचं नाव जाहीर केलं. मॅडमनी सरांच्या हातचा पेढा घेतला, "अभिनंदन" म्हणाल्या आणि तडक रिकाम्या वर्गात जाऊन बसल्या. तिथे मात्र त्यांना रडू आवरेना. आयुष्यभर शिकवलेला विषय, आणि तो ह्याच्या घशात!

मागोमाग रुपाली आली. जेऊरहून रेल्वेने येणारी, पहिल्या बाकावर बसणारी. तिचाही चेहरा रडवेला.

"मॅडम, तुमचे धडे काढणार म्हणं? मग परीक्षेला आमी काय करायचं?"

"सरांचे आहेत की. तुम्हीच दिलेत ना त्यांना तारे? तूसुद्धा?"

"व्हय," रुपालीने मान खाली घातली.

"मग आता खरं सांग. त्याच्या धड्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?"

रुपालीने दाराकडे बघितलं. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली,

"सरांचे धडे लागतच न्हाईत, मॅडम. पडदा काळाच ऱ्हातो, पण उघडला की लगेच पूर्ण हजेरी पडती. तुमचे शेवटपर्यंत चालतात की!"