राखणीचं मचाण

हेंकने बंदुकीची नळी मचाणाच्या फळीवर टेकवली आणि ओठांवर बोट ठेवलं. नीळकंठ गुरुजींनी मान हलवली. सकाळ थंड होती.

समोर, रानाच्या कडेला, त्यांनीच पेरलेला दोन गुंठ्यांचा तुकडा उजळत होता. मोहरी, क्लोव्हरचं गवत, थोडा सलगम.

जूनमध्ये गुरुजी ब्रेडा या डच शहराजवळच्या या खेड्यात मुलाकडे आले. जन्मभर शाळेत शेती शिकवलेला माणूस, त्यांना रिकामं बसवेना. शेजारच्या हेंकने तो तुकडा पेरून द्याल का, असं विचारलं. बाजूला शिडीचं उंच लाकडी मचाण होतं. गुरुजींनी ते न विचारताच ओळखलं. राखणीचं. गावाकडे असंच असतं. वर बसायचं, डबा वाजवायचा, जनावर हाकलायचं.

नऊ वर्षांची नात ऋता रोज बरोबर असे. मोहरीचं बी बारीक, म्हणून वाळूत मिसळून फेकायचं, सलगम विरळ करायचा, हे त्यांनी तिला शिकवलं. ती मराठीत ऐके आणि इंग्रजीत प्रश्न विचारी. डबा वाजवून लोक दमले की काय करतात? न्हाव्याकडचे केस आणून बांधावर पसरतात, गुरुजींनी सांगितलं. माणसाचा वास आला की जनावर फिरकत नाही. तिने नाक मुरडलं. मग केसांच्या वासाने पळालेल्या साळिंदराची गोष्ट सांगावी लागली.

कोंब वर आले तसं एक हरीण येऊ लागलं. एका शिंगाचं टोक मोडलेलं. ऋताने त्याचं नाव तुटक्या ठेवलं आणि ती रोज खिडकीतून त्याची वाट पाहू लागली. त्याला हाकलू का, असं गुरुजींनी विचारलं तेव्हा हेंक हसला. खाऊ दे, म्हणाला. केवढं मोठं मन, असं गुरुजींना वाटलं होतं.

शुक्रवारी कुंपणापाशी हेंकने त्यांना बंदूक दाखवली. शिकारीचा परवाना आला होता. सोमवारी पहाटे, तुटक्यासाठी, त्याच मचाणावरून.

"पीक तुमचं आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "तुम्ही यायलाच हवं."

मग त्याने स्वयंपाकघरातल्या बायकोला डचमध्ये काहीतरी ओरडून सांगितलं. गुरुजींना त्यातलं अक्षरही कळलं नाही. त्यांनी घाईने ऋताकडे पाहिलं. ती लांब, हेंकच्या कुत्र्याशी डचमध्ये बोलत, त्याचे कान खाजवत बसली होती.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. भीती बंदुकीची नव्हती. एक दिवस ऋता विचारील, आजोबा, हे आपण पेरलं होतं ना? तेव्हा काय सांगायचं?

रविवारी तिच्या कमरेपर्यंतच्या केसांना तेल लावायचा त्यांचा नेम होता. या रविवारी ती संध्याकाळी बाहेरून आली ती लोकरीची टोपी कानांवर ओढूनच.

"उद्या, आजोबा. थंडी वाजते."

गुरुजींना बरंच वाटलं. तिच्याजवळ बसून गप्पा मारणं आज त्यांना जमलं नसतं.

आणि आता तुटक्या आला. झाडांतून अलगद, एकेक पाऊल टाकत. हेंकने गाल बंदुकीला लावला. खोकावं, असं गुरुजींनी ठरवलं होतं. पण त्यांना खोकता आलं नाही. त्यांनी डोळे मिटले.

आवाज झाला तो हरणाच्या भुंकण्याचा. त्यांनी डोळे उघडले. तुटक्या तुकड्याच्या कडेशी थबकला होता, नाक वर. दुसऱ्या क्षणी त्याचा पांढरा मागचा भाग झाडांत उडाला आणि रान रिकामं झालं.

हेंकने बंदूक खाली घेतली. वारा आपल्याकडे येतोय, आपला वास जाणं शक्य नाही, असं तो पुटपुटला. कुत्रा घरी होता. त्याला काही उमजेना. होतं असं कधी कधी, म्हणून त्याने खांदे उडवले.

गुरुजी घरी आले. फिरून आलो, एवढंच सांगायचं, असं घोकत त्यांनी दार ढकललं. ऋता जिन्याच्या पायरीवर बसली होती. कालची टोपी अजून डोक्यावर.

"तुटक्या पळाला ना?" तिने मराठीत विचारलं.

गुरुजींनी मान हलवली.

ऋताने टोपी काढली आणि तेलाची बाटली पुढे केली. कात्रीने वेडेवाकडे कापलेल्या त्या केसांना आता थोडंसंच तेल पुरणार होतं.